स्टीअरिंगचा घरचा भाव

"मॅडम काहीच बोलून नाई राह्यल्या. म्हणजे त्याईले सगळं समजते."

गॅरेजच्या मालकानं हे आपल्या मेकॅनिकच्या कानात सांगितलं, पण पत्र्याच्या शेडमध्ये कानातलं बोलणंही घुमतं. मी त्या वेळी एका जुन्या, पांढऱ्या, सात सीटांच्या गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर हाताची घडी घालून उभी होते आणि आत पाहत होते. आतल्या वस्तूंपैकी मला फक्त बॅटरी ओळखता येत होती, तीही तिच्यावर तसं लिहिलेलं होतं म्हणून.

शेजारी आमचे घरमालक काका उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. आत शिरताना त्यांनी माझी ओळख करून दिली होती, "आमच्या इंजिनिअर आहेत. कंपनीतल्या." कोणत्या कंपनीतल्या, ते सांगितलं नव्हतं. मी वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायचे.

मालक पुढे आला. "पाहा काका, पॉवर स्टीअरिंगचं काम म्हणजे अख्खा रॅक बदलावा लागते. मी अडतीस हजार म्हटलं होतं. पण मॅडमसमोर काय लपवायचं? पस्तीस करू."

मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी बोलले नाही.

"चला, तेहतीस."

मला घाम फुटला. रुमाल काढायला मी पर्स उघडली. त्याला बहुतेक वाटलं की मी एखादा कागद काढते आहे.

"एकतीस. याच्याखाली खरंच नाई जमत, मॅडम."

बाहेर रस्त्यावर आल्यावर काका थांबले आणि माझ्याकडे असं पाहू लागले, जसं कुणी स्वतःच्याच शेतात विहीर सापडल्यावर पाहील. "सात हजार! एक शब्द न बोलता सात हजार खाली! मी चाळीस वर्षं दुकानात घसा फोडला बेटा, अन् मले हे सुचलं नाई."

पुलगावला त्यांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान होतं. ते आवरून त्यांनी बोरगाव मेघेला घर बांधलं. खाली ते आणि काकू, वर भाड्याची एक खोली. त्या खोलीत मी अडीच वर्षं राहिले. दुकान बंद झालं होतं, पण काकांमधला दुकानदार काही बंद झाला नव्हता. सकाळी उठून ते अंगणातल्या खुर्चीवर असे बसत, जणू समोर गल्ला आहे आणि आता कुणीतरी येऊन दहा बाय बाराची ताडपत्री मागणार आहे.

खोली पाहायला गेले तेव्हाची गोष्ट. काका म्हणाले, "सहा हजार." मी म्हणाले, "ओके."

त्यांचा चेहरा पडला. "ओके? ओके काय?"

मी घाबरले. मला वाटलं, काहीतरी उद्धट बोलले.

"अवं, असं कोणी घेते का? मी सहा म्हटलं म्हणजे ते सहा नसतात. तुनं म्हणायचं, 'काका, हा गिऱ्हाइकाचा भाव झाला, आता घरचा सांगा.' म्हण."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. त्यावर मी पहिलीतच एक उपाय शोधून काढला होता, तो पुढे नोकरीतही उपयोगी पडला: गप्प बसायचं.

काकांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी खुर्ची वळवली आणि बारीक आवाजात माझ्या वतीनं बोलायला लागले. "काका, हा गिऱ्हाइकाचा भाव झाला, आता घरचा सांगा." पुन्हा खुर्ची वळवून स्वतःच्या आवाजात, "बेटा, खोलीले दोन खिडक्या आहेत." बारीक आवाजात, "पण नळाले पाणी एकच टाइम आहे, काका." खुर्ची गोल गोल फिरत राहिली. शेवटी सौदा बावन्नशेला पटला. काका आत वळून ओरडले, "अवं, वरची खोली दिली. लय चिवट पोरगी आहे!"

आतून काकूंचा आवाज आला, "ती तर काही बोललीच नाई. मी ऐकून राह्यली ना."

भाव करणं हा त्यांच्या बोलण्याचा मूळ सूर होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, की हे विचारत, "तीनमध्ये नाई का बसत?" काकूंनी अर्धा तास चालायला सांगितलं, की वीस मिनिटांपासून सुरुवात. एकदा मी त्यांच्यासोबत भाजी घ्यायला गेले होते. चाळीसची वांगी त्यांनी दहा मिनिटं भांडून तीसवर आणली, वांगी घेतली आणि चाळीस रुपये दिले. भाजीवाली हसली, तिला ते नवीन नव्हतं. येताना मी कसंबसं विचारलं, "मग भाव का केला?"

"मग तिच्याशी बोललो कसा असतो?" ते म्हणाले. "माणूस सांगन तो भाव देऊन चाललं आलं, म्हणजे आपण त्याच्याकडे पाह्यलंच नाई."

माझ्याविषयी ते असंच काही म्हणत असतील का, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

या माणसानं आयुष्यात एकच वस्तू भाव न करता घेतली होती, आणि ती म्हणजे ही गाडी. मला हे काकूंनी सांगितलं, घरातलं एखादं लफडं सांगावं तशा आवाजात. "दुकान विकून हाती पैसा आला होता. एकाच्या दारात गाडी पाह्यली. त्यानं किंमत सांगितली अन् यायच्या तोंडातून शब्दच निघाला नाई. नुसती मान हलवली. मी म्हटलं, यायले काही झालं की काय!"

दर रविवारी सकाळी ती गाडी घेऊन ते नाचणगावला जात. तिथे त्यांची थोरली बहीण असते, ऐंशी पार केलेली. तिला गाडीत चढायला उंच पडतं म्हणून मागे एक लाकडी पाट कायम ठेवलेला. पाटावर पाय देऊन ती पुढच्या सीटवर बसायची, काका तिला पुलगावच्या बाजारातून एक चक्कर मारून आणायचे आणि पुन्हा दारात सोडायचे. एवढंच. ती दर वेळी विचारायची, "नवीन गाडी घेतली का रे?" आणि ते दर वेळी सांगायचे, "हो बाई, कालच घेतली."

संक्रांतीनंतर एका सकाळी गाडीचं स्टीअरिंग फिरेना. म्हणजे फिरायचं, पण दगडी जातं फिरावं तसं. काका सत्तरीतले, त्यांच्या उजव्या खांद्यानं आधीच संप पुकारलेला. दोन दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त त्यांच्या वाटा बदलल्या. जिथे गाडी मागे घ्यावी लागेल, तिथे ते जाईनात. बँकेत जायला सरळ जाऊन मोठ्या चौकातून लांबचा वळसा घेऊ लागले. "चालत्या गाडीले स्टीअरिंग लागत नाई, वळत्या गाडीले लागते," असं एक शास्त्रही त्यांनी तयार केलं. तिसऱ्या दिवशी गाडी फाटकातच आडवी अडकली आणि मला खालून हाक आली.

तेव्हापासून मी डावीकडच्या सीटवर बसून स्टीअरिंग ओढायला लागले. काका ओरडत, "तुझ्याकडे! तुझ्याकडे!" की मी दोन्ही हातांनी ओढायचं. "सोड!" म्हटलं की सोडायचं. एकदा वळणावर वाहतूक पोलिसानं आम्हाला थांबवून विचारलं, "गाडी कोण चालवून राह्यलं?" काका म्हणाले, "दोघंबी."

पॉवर स्टीअरिंग गेलं हे काकांच्या बंगलोरच्या मुलाला कळलं, ते काकूंमुळे. फोन स्पीकरवर होता आणि मी जिन्यात. मुलगा वाईट नव्हता, काळजीत होता. "बाबा, वीस हजारांच्या आत होत असेल तर करा. वर गेलं तर गाडी विकायची. त्या खांद्यानं तुम्ही कुठेतरी धडकाल. शब्द द्या." काकांनी त्याच्याशीही भाव केला, पंचवीस म्हणाले, पण मुलगा त्यांचाच. वीसवरच ठरलं. काकांनी शब्द दिला.

आणि मग अंदाजपत्रकांचा मोसम सुरू झाला. नागपूरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरनं ईमेल पाठवली, ती मी वाचून दाखवली. स्टीअरिंगची अख्खी असेंब्ली, नळ्या, मजुरी, कर. सगळं मिळून बावन्न हजारांच्या वर. खाली एक ओळ होती, कन्झ्युमेबल्स, आठशे रुपये.

"हे काय असते?"

"जे वापरून संपतं ते."

"आमच्या दुकानात त्याले चहा म्हणत," काका म्हणाले. "अन् त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून नाई घेत."

वर्ध्यातल्या एका मेकॅनिकनं स्टीअरिंगच्या तेलाच्या टाकीत नुसतं नवीन तेल भरून दिलं, ते चार दिवस टिकलं. मग ते एकतीस हजारवाले, ज्यांच्याकडे मी इंजिनिअर झाले. तिथून पुढे काका मला प्रत्येक गॅरेजात नेऊ लागले. "तू काही करू नको. नुसती उभी राह." माझ्या उभं राहण्यानं एक अठ्ठावीसवर आला, एक सव्वीसवर. पण वीसच्या आत कुणी येईना.

आता मला त्या डागाबद्दल सांगायला हवं. ते सांगायचं मी बरेच दिवस टाळलं होतं, इथेही टाळत आले.

दिवाळीच्या आधीपासून काकूंच्या अंगणात, फाटकापाशी, रोज सकाळी एक लाल डाग पडलेला असायचा. काकूंची खात्री होती की पेपरवाला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकतो. वर्ध्यात लाल डाग दिसला की माणसाच्या मनात दुसरं काही येतच नाही. त्यांनी आधी नुसतं पुटपुटून पाहिलं. मग भिंतीवर खडूनं 'येथे थुंकू नये' असं लिहिलं. मग एक दिवस फाटकात उभ्या राहिल्या. पेपरवाले पन्नाशीचे, गळ्यात तुळशीची माळ, सायकलला देवाचा झेंडा. "मावशी, मी सुपारीले हात लावत नाई!" ते म्हणाले. "तोंड उघडून दाखवू का?" त्यांनी खरंच उघडून दाखवलं. काकूंनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पेपर फाटकावरून फेकला जाऊ लागला, तो नेमका डागावर पडायचा.

मी वरच्या खिडकीतून सगळं पाहत होते. आणि एका सकाळी मी हेही पाहिलं होतं की काकांनी गाडी पुढे काढली, तेव्हा तिच्या पोटाखालून एक लाल थेंब फरशीवर पडला. मग आणखी एक.

सांगायचं ठरवून मी दोनदा जिना उतरले. एकदा काकू पूजेत होत्या. एकदा काका फोनवर कुणाशी तरी गॅस सिलिंडरचा भाव करत होते. मग राहिलं. स्टीअरिंग जड झालं तेव्हा तर सांगणं आणखीच अवघड झालं. आता सांगितलं, की आधी का नाही सांगितलं, हे आलंच. गप्प बसण्याचं असंच असतं, एकेक दिवस उशीर होत जातो.

आणि मी प्रत्येक गॅरेजात त्या बॉनेटसमोर गप्प उभी राहून भाव पाडत होते. काका सगळ्यांना कौतुकानं सांगत, "हिच्या न बोलण्याची किंमत दहा हजार आहे." मला ते ऐकवत नसे.

जाम गावच्या मिस्त्रीचं नाव कुणीतरी ट्रकवाल्यानं सांगितलं. हायवेच्या फाट्यावर ढाब्यामागे त्याचं पत्र्याचं शेड, पुढे दोन ट्रक तोंड उघडून उभे. काका आणि मी दोघांनी मिळून गाडी वळवून आत घातली. मिस्त्री चाळिशीचा, चष्म्याच्या काड्यांना सुतळी बांधलेली. काका म्हणाले, "या आमच्या इंजिनिअर." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडीखाली सरकला.

मी घडी घालून उभी राहिले. तोही काही बोलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काकांनी पहिल्यांदाच आमच्या शस्त्राला तोडीस तोड पाहिलं. दोन मुक्या माणसांच्या मध्ये अडकून त्यांची तगमग सुरू झाली. ते ढाब्यातून तीन चहा घेऊन आले, हवेबद्दल बोलले, ट्रकच्या ताडपत्रीची गाठ चुकीची आहे म्हणाले. मिस्त्री बाहेर आला, दोन बोटांत लाल तेल चोळून पाहिलं आणि विचारलं, "तेल कधीपासून गळून राह्यलं?"

"झाले असतील दहा-पंधरा दिवस," काका म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"हे तर नवं तेल आहे. याच्यातून काही समजत नाई. पंधरा दिवसांचं असन, तर नळी अन् रॅकचे सील बदलून देतो. साडेचौदा हजार. परवा घेऊन जा."

काकांचा हात लगेच खिशातल्या फोनकडे गेला. साडेचौदा! त्यांनी भाव करायचंही मनावर घेतलं नाही, आधी मुलाला ऐकवायचं होतं. ते नंबर शोधत म्हणाले, "या रविवारी बाईले घेऊन पुलगावच्या पुढपर्यंत जातो पाह्य."

मिस्त्री हात पुसत राहिला. "पण जास्त दिवसांचं असन, तर सांगून द्या. तेल नसताना पंप कोरडा फिरला, तर त्याचा चुरा रॅकमध्ये जाते. मग पंपबी बदलावा लागन, रॅकबी पूर्ण खोलून धुवावा लागन. नाई केलं, तर महिना-दोन महिने ठीक चालन, अन् मंग एखाद्या वळणावर अचानक अडन. मी मंग तिथं नाई राहणार."

तो हे काकांना सांगत होता, पण पाहत माझ्याकडे होता. इंजिनिअर म्हणून पाहत होता की डावीकडे बसणारी म्हणून, मला माहीत नाही. मला नाचणगावच्या वाटेवरचं एखादं वळण दिसलं, पुढच्या सीटवर बसलेली ती म्हातारी बाई, मागे पाट.

"दिवाळीच्या आधीपासून," मी म्हणाले.

काकांच्या कानाला लावलेल्या फोनमध्ये रिंग वाजत होती. त्यांनी तो कापला.

"फाटकापाशी रोज लाल डाग पडायचा. तो खर्रा नव्हता, काका. मी खिडकीतून पाहिलं होतं. तीन महिने पाहत होते." मग मिस्त्रीकडे वळून मी म्हणाले, "आणि मी इंजिनिअर नाही."

"ते समजलं होतं मले," तो म्हणाला. "इंजिनिअर लय बोलतात."

काका चहाच्या ग्लासाकडे पाहत होते. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "म्हणजे तो पेपरवाला... अरे बापा. त्यानं तोंड उघडून दाखवलं होतं ना."

"हो."

"अन् मले कोणी काहीच नाई सांगितलं."

"नाही," मी म्हणाले. 

मिस्त्रीनं पाठीमागच्या पत्र्यावर खडूनं आकडे मांडले: पंप, सील, नळी, तेल, मजुरी. खाली रेघ मारून चोवीस हजार लिहिलं. "चोवीस. पण मंग दहा वर्षं पाहायचं काम नाई."

काकांनी तो आकडा वाचला. मुलाला दिलेल्या वीसच्या शब्दापेक्षा चार हजार वर. मी वाट पाहिली. आता ते खुर्ची ओढतील, पत्र्यावरच्या एकेका आकड्यावर बोट ठेवतील, ट्रकवाल्यांची ओळख सांगतील, घसा साफ करतील. ते काहीच करेनात. त्यांनी फोन खिशात ठेवला, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. काकूंनी सांगितलेली ती मान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"विकायची असन तर इथंच गिऱ्हाईक आहे," मिस्त्री त्यांचा चेहरा पाहून हळू आवाजात म्हणाला.

काकांनी बॉनेटवरचा हात काढला नाही. हायवेवर एका ट्रकनं गिअर बदलला. चहा निवला होता. मी हाताची घडी सोडली. आवाज बारीक निघाला, अगदी काका खुर्ची वळवून काढत तसा, पण निघाला.

"हा गिऱ्हाइकाचा भाव झाला, दादा," मी म्हणाले. "आता घरचा सांगा."